आधी फुटपाथ

पडदा वर जावा तसं सभागृहाचं दार उघडलं. मंचावर अमेरिकेतल्या बर्फाळ डुलुथ शहराचे नगरसेवक, समोर ओल्या बुटांनी आलेले लोक, आणि भिंतीशी येरझारा घालणारी मारिट टॉलेफसन. तिला एका जागी बसवतच नसे. लहानपणी ती उभ्यानेच जेवायची, तेव्हा आई विचारायची, "बाई, तुझ्या पायांना चावी कुणी दिलीय?"

विद्यापीठात संशोधक झाल्यावर ती हिवाळाभर इस्पितळं पालथी घालत हिंडली आणि हाडं मोडलेल्यांना विचारत सुटली, पडलात कुठे? बहुतेक जण पायी चालणारे निघाले. बर्फ हटवणारी गाडी रस्ता साफ करताना फुटपाथवर ढीग लोटायची, त्यावरून ते घसरले होते. म्हणून मारिट मागत होती, आधी फुटपाथ मोकळे करा, मग रस्ते. आज त्यावर मतदान होतं.

म्हातारे नगरसेवक ग्रेडी करवादले, "पोरी, तुझा बाप जन्मभर बर्फाची गाडी हाकायचा. आधी रस्ता, ही त्याचीच शिस्त."

"बाबा पायी चालले कधी?" मारिट येरझारा न थांबवता म्हणाली. लोक हसले.

"आणि तुझी गल्ली?" ग्रेडींनी विचारलं. " तुझ्याच हिशेबाने तिथला रस्ता सगळ्यांत शेवटी साफ होणार. गाडी दारातच रुतली तर कामावर कशी जाशील?"

पुढे ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला, आणि ते मत ग्रेडींचं होतं. पण त्याआधी मारिटचे पाय पहिल्यांदाच थांबले, आणि ती एवढंच म्हणाली, "चालत जाईन. फुटपाथ मोकळा असेल ना."