पुनाजीचा बिनदोरीचा बैल

जाम गावच्या फाट्यावर ट्रकचे पंक्चर काढणाऱ्या पुनाजीला एक प्रश्न कायम छळायचा: बॅटरी मेली म्हणतात, म्हणजे तिच्यातलं नेमकं काय मरतं? ट्रकवाले मेलेली बॅटरी फेकून मोकळे होत. हा ती उचलून घरी आणी, तापल्या सुरीनं वरचं डांबर काढी आणि एकेका कप्प्याला टॉर्चचा बल्ब लावून बघे. तेव्हा कळलं, की बहुतेकदा एकच कप्पा गेलेला असतो आणि त्याच्यापायी बाकीचे बदनाम होतात. त्या दिवशी आनंदाच्या भरात पुनाजी जेवायचंच विसरला.

एवढ्यावर थांबला तर तो पुनाजी कसला! मोडक्या डायनामोची तार, जुन्या मॅग्नेटोचा चुंबक असं काय काय जमवून त्यानं हातानं मोटर बनवली. ती छान गरगरायची. कशासाठी, ते मात्र विचारायचं नाही.

बायको रुखमा विचारायची. बॅटरीच्या तेजाबानं तिच्या लुगड्यांची चाळण झाली होती.

"हे भंगार घरात काऊन ठेवता? यानं एक तरी काम केलं का?"

"तान्ह्या पोळ्याले माहा लाकडी बैल बिनदोरीचा चालन," पुनाजी म्हणाला. "नाई चालला, त सारं मोतीलाल भंगारवाल्याले देऊन टाकीन. पुन्हा बॅटरीले हात लावणार नाई."

रुखमा लगेच कबूल झाली. गावभर ही पैज झाली. तान्हा पोळा म्हणजे मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा, लेकरांच्या लाकडी बैलांचा.

बोकडाएवढा बैल तयार झाला. पोटात मोटर आणि दोन जिवंत कप्पे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकतात. रुखमानं तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी याचीही शेकणी करायला घेतली.

"याचा जोर कुठं असते?"

"या शिशाच्या टोकांत."

रुखमानं त्या टोकांनाच तूप-हळद फासली. सकाळी पुनाजीनं ते पाहिलं. पण शेकणीची हळद कोणी पुसतं का? त्यानं वरूनच तारा गुंडाळल्या.

मैदानात लेकरं आपापले बैल दोरीनं धरून उभी होती आणि त्यांच्यात पांढऱ्या मिशांचा पुनाजी. पोळा सोडायचं तोरण तुटलं, सगळे निघाले. याचा बैल ढिम्म.

"दोरी बांध बाप्पा," पाटील रूपराव म्हणाले आणि अख्खं मैदान हसलं. मला हसणाऱ्यांचा राग आला, आणि खरं सांगायचं तर थोडा पुनाजीचाही.

त्यानं खाली बसून बैलाच्या पोटात हात घातला आणि मागे घेतला. "तुपानं करंट इथंच अडून राह्यला," तो पुटपुटला. "पण शेकणीची हळद कशी पुसू?"

बायकांच्या घोळक्यातून रुखमा पुढे आली. नुसती गप्प राहिली असती तर त्याच दिवशी तिचं घर मोकळं झालं असतं.

"मीनं लावली, त मलेच पुसा लागन," ती म्हणाली. तिनं तारा सोडल्या आणि अंगावरच्या कोऱ्या लुगड्याच्या पदरानं दोन्ही टोकं घासघासून पुसली. पुनाजी तिच्याकडे बघतच राहिला. मग त्यानं घाईघाईनं तारा परत गुंडाळल्या.

बैल एक गचका खाऊन निघाला. थांबवायची सोय करायची राहून गेली होती, त्यामुळे तो सरळ रूपरावांच्या धोतरात घुसला.

पहिल्याच धुण्यात त्या पदराला मुठीएवढं भोक पडलं. रुखमानं ठिगळ लावलं नाही. कोणी विचारलं की ती पदर पसरून दाखवायची.

"आमचा बैल चालला, त्या दिवशीचं हाय."