पाळण्याची दोरी

आमच्या जैन धर्मात भगवंताकडे काही मागायची सोय नाही. तो वीतराग. कुणावर प्रसन्न होत नाही, कुणावर रागावत नाही, कुणाच्या हाकेला धावून येत नाही. देवळात जायचं ते त्याच्याकडे बघत आपलं आपण सुधारायला, असं लहानपणी पाठशाळेत शिकवलेलं. त्यामुळे इतर लोक आपापल्या देवाचे अनुभव सांगू लागले की मी गप्प ऐकत बसतो आणि मनातल्या मनात त्यांचा थोडा हेवाही करतो. तरी एका उन्हाळ्यात आमच्या घरी जे घडलं, त्याला अनुभव नाही तर काय म्हणायचं, हे मला अजून उमगलेलं नाही. म्हणून जसं घडलं तसं सांगतो. नाव काय द्यायचं ते वाचणाऱ्याने ठरवावं.

त्या उन्हाळ्यात माझी झोप उडाली होती. कारण पैशाचं होतं, आणि पैसा माझा नव्हता ही खरी गोम. तो आक्काचा होता. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिचा नवरा गेला, मूलबाळ झालं नव्हतं, तेव्हापासून ती कोल्हापुरात आमच्याकडेच आहे. शाहूपुरीत माझं शेतीपंपांच्या सुट्या भागांचं दुकान, मागे घर. आमचं मूळ गाव कर्नाटकाच्या सीमेकडचं, म्हणून ती मला तम्मा म्हणते. कानडीत धाकटा भाऊ. कसबा बावड्यात तिच्या वाटणीला सासरच्या जमिनीचा एक तुकडा आला होता. तिकडे घरं उठायला लागल्यावर तो विकला गेला आणि आलेली सगळी रक्कम तिने माझ्या हातात ठेवली. ‘‘तूच बघ तम्मा, मला त्यातलं काय कळत न्हाई,’’ एवढंच म्हणाली.

मला तरी कुठं कळत होतं. पण शतक पालटत असतानाचे ते दिवस असे होते की दाढी करता करता न्हावीसुद्धा कॉम्प्युटर कंपन्यांची नावं सांगायचा. पेठेतल्या लोकांचं बघून मीही विजूशेठ नावाच्या शेअर दलालाकडे गेलो आणि आक्काची रक्कम शेअर्समध्ये घातली. जिना चढून वर दोन खोल्यांचं त्याचं ऑफिस. थंडगार हवा, टीव्हीवर पळणारे भाव, दारावर मुंबईच्या कुठल्याशा बड्या दलालाच्या नावाचा बोर्ड. कागदी शेअर्स जाऊन तेव्हा नुकती डीमॅट खाती आली होती. ज्याने त्याने बँकेत आपल्या नावाचं खातं उघडायचं आणि शेअर्स त्यात ठेवायचे, असा नियम. विजूशेठ म्हणाला, ‘‘कशाला उगंच खर्चात पडताय? माझ्या खात्यात ऱ्हाऊ द्या की. घरचाच माणूस हाय मी. पायजे तवा मागा.’’ मला ते फार बरं वाटलं. कटकट वाचली.

दर महिन्याला तो छापील कागद द्यायचा. त्यावरचा आकडा फुगत चालला होता आणि मी तो आक्काला मोठ्याने वाचून दाखवायचो. ती तांदूळ निवडता निवडता ऐकायची. एकदा तिने विचारलं, ‘‘त्या विजूशेठवर कोण हाय?’’ मला कळेना. ती म्हणाली, ‘‘तुझ्या दुकानावर विक्रीकरवाला हाय. बँकेवर सरकार हाय. देवळातल्या उपाध्यावर पंच हाईत. तसं ह्याच्यावर कोण हाय?’’ मी सांगितलं की मुंबईला मोठं मंडळ आहे, सगळ्या शेअरबाजारावर नजर ठेवतं. ‘‘त्यांनी ह्याला बघितलंय व्हय कधी?’’ मी हसलो. पण दुसऱ्या दिवशी सहज म्हणून विजूशेठला त्याच्या नोंदणीचा कागद विचारला. तो म्हणाला, फ्रेम करायला दिलाय. पुढच्या महिन्यात विचारलं, तरी फ्रेम करायलाच दिलेला. कोल्हापुरात कुठल्या फ्रेमवाल्याला एवढा वेळ लागतो, हे माझ्यासारख्या दुकानदाराला कळायला हवं होतं. मग बाजार घसरू लागला. विकूया म्हटलं की तो थांबा म्हणायचा, आणि माझी झोप गेली. आपल्या जवळचं काय दिलंय आणि बदल्यात आपल्या हातात काय आहे, याचा हिशेब रात्रभर पडल्या पडल्या मांडायचो. आक्काला यातलं काही बोललो नव्हतो.

अशात गावाकडे पंचकल्याण पूजा आली. नवी मूर्ती बसायची म्हणजे भगवंताचा गर्भात येण्यापासून मोक्षापर्यंतचा सगळा प्रवास मांडवात साजरा होतो. कुणी इंद्र होतं, कुणी इंद्राणी, आणि तो मान कुणाला हे बोली लावून ठरतं. त्या बोलीला आमच्याकडे सवाल म्हणतात. जन्मकल्याणकाच्या दिवशी बाळभगवंताला पाळण्यात घालतात आणि पाळण्याची दोरी पहिल्यांदा कुणी ओढायची याचा सवाल निघतो. वैशाखातली दुपार, पत्र्याचा मांडव, माणसं घामाने निथळत होती. मी पुरुषांच्या बाजूला, आक्का पलीकडे बायकांत. तिने माझ्याकडे बघून अंगठा ओठाला लावला. पाणी हवं होतं. एक स्वयंसेवक कळशी घेऊन फिरत होता. मी त्याच्याकडे बघत हात वर केला आणि दोन बोटं दाखवली. एक पेला तिला, एक मला.

त्या मांडवात दोन बोटं म्हणजे चालू बोलीच्या दुप्पट, हे मला ठाऊक नव्हतं. पाण्यावर लक्ष असल्यामुळे बोली कसली चालली आहे हेही मी ऐकत नव्हतो. लाऊडस्पीकरवरून आवाज आला, ‘‘पाळण्याचा सवाल कोल्हापूरच्या पावण्यांचा. हाय का कोण ह्याच्यावर?’’ कुणीच नव्हतं. टाळ्या पडल्या, वाजंत्री सुरू झाली, माझ्या गळ्यात हार आला तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी चूक सांगायला उठलोच होतो. तेवढ्यात पलीकडे नजर गेली. आक्का उभी राहिली होती. पदर सारखा करत होती, पुन्हा पुन्हा तोच पदर. ती असं नवं लुगडं नेसलेल्या मुलीसारखी लाजलेली मी जन्मात पाहिली नव्हती. मी खाली बसलो.

संध्याकाळी पाळणा झाला. विधवेने हात लावावा का, अशी थोडी कुजबुज झाली. मांडवात बसलेल्या मुनिमहाराजांनी ती ऐकली आणि म्हणाले, ‘‘पाळण्याला हलवणारा हात लागतो. बाकी काही लागत नाही.’’ मग आक्काने दोरी धरली. दोन्ही हातांनी, अगदी हळू. तिचे ओठ हलत होते. अंगाई म्हणत होती की णमोकार मंत्र, ते वाजंत्रीत ऐकू आलं नाही. मला मात्र रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

रडून झालं आणि सवालाचे पैसे आठवले. दुकानात तेवढी रक्कम नव्हती. ती होती फक्त विजूशेठच्या कागदावर. आक्काला मी म्हटलं, थोडे शेअर्स विकून भरूया, पंच काही घाई करणार नाहीत. ती महाराजांसमोर गेली आणि नियम घेऊन आली. देवाचं द्रव्य पोचतं होईपर्यंत मीठ सोडलं. आता जिने आपली सगळी पुंजी माझ्या हवाली केली, ती घरात अळणी जेवत असताना माझ्या पानात मीठ कसं वाढायचं? बायकोने सगळ्यांचाच स्वयंपाक अळणी सुरू केला. अळणी आमटी काय असते ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. दोन वेळा ती समोर आली की विजूशेठचा जिना आपोआप आठवायचा.

रोज जायला लागलो. तो रोज हसून चहा सांगायचा. आज मुंबईची सेटलमेंट अडकलीय, उद्या भाव सुधारतोय, परवा तिथले साहेब बाहेरगावी. एके दिवशी तिथल्या बाकावर माझ्याशेजारी एक गृहस्थ बसले होते. कपाळावर भस्माचे पट्टे, पांढरी टोपी, गुळाचे अडत व्यापारी. पुडी उलगडून त्यांनी चुरमुऱ्यांचं खारं भडंग पुढे केलं. मी नको म्हटलं. ‘‘का वं पावणं, उपास हाय?’’ म्हणून त्यांनी विचारलं आणि मी अनोळखी माणसाला सगळं सांगून बसलो. पाण्यापासून मिठापर्यंत. त्यांना आधी हसू आलं, मग त्यांनी पुडी मिटून खिशात घातली. ‘‘तुमचं चुकतंय कुठं सांगू?’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही पैसं मागताय. पैसं मागितल्यावर त्याच्याकडं कारणं रग्गड हाईत. शेअर मागा. दुसऱ्याच्या गोदामात आमच्या गुळाच्या ढेपा असत्यात, तर इकायच्या नसल्या तरी मधनंमधनं त्या भाईर काढून बघतो आमी. हाईत म्हणतोय न्हवं? मग काढून दाव म्हणायचं. बँकेत सोताच्या नावाचं खातं उघडा आन् त्यात घालायला सांगा. मी आज तेच करून घेतलंय.’’ एवढं बोलून ते जिना उतरून गेले. त्यांचं नावही मी विचारलं नाही. नंतर मार्केट यार्डात पुष्कळ शोधलं, ते काही भेटले नाहीत.

दुसऱ्याच दिवशी मी बँकेत आम्हा दोघांच्या नावाचं खातं उघडायला टाकलं. खात्याचा नंबर हातात आल्यावर विजूशेठकडे निघालो तर आक्का पिशवी घेऊन दारात तयार. ‘‘मीबी येतो,’’ म्हणाली. आमच्याकडच्या बायका ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात. ती त्या थंडगार खोलीत बाकावर मांडी घालून बसली, जपमाळ काढली आणि विजूशेठला म्हणाली, ‘‘तू तुझं काम कर बाबा, मी बसतो.’’ येणारं गिऱ्हाईक तिला विचारायचं, आजी कशापायी बसलाय? ती सगळ्यांना सारखंच सांगायची: पाळण्याचं देणं हाय, ते दिल्याबिगर मीठ खायचं न्हाई, शेअर ह्यांच्यापाशी हाईत. तक्रारीचा एक शब्द नाही. दुपारी तिने डबा उघडला आणि अळणी भाकरी-आमटी विजूशेठपुढे धरली. ‘‘खाऊन बघ की,’’ म्हणाली. चार गिऱ्हाइकं बघत होती. विजूशेठचा चेहरा पडला. त्याने आतल्या पोराला हाक मारली, फॉर्म मागवला आणि सगळे शेअर्स आमच्या खात्यात वळते करण्यावर सही केली. भीतीने केली, लाजेने केली की त्याच्यातही काही शिल्लक होतं म्हणून केली, ते मी आजही सांगू शकत नाही.

शेअर्स आले. भाव तोवर आणखी पडले होते आणि पुढे निम्म्याच्याही खाली गेले. ते कुणी थांबवलं नाही, थांबवावं अशी अपेक्षाही नव्हती. पण जे होतं ते आमच्या नावावर होतं. थोडे विकून गावाला जाऊन सवालाची रक्कम भरली. घरी आल्यावर आक्काने ताकात चिमूटभर मीठ घातलं आणि डोळे मिटून प्यायली. आम्हीही प्यायलो. त्या ताकाची चव मला अजून आठवते.

त्याच पावसाळ्यात विजूशेठच्या जिन्याला कुलूप लागलं. पायऱ्यांवर माणसं बसून होती, त्यांतले कित्येक माझ्या ओळखीचे. मी त्यांच्यासोबत पोलिसांत गेलो, मुंबईच्या मंडळाकडे अर्ज लिहून दिले. उत्तर आलं की या नावाच्या कुणाचीही आमच्याकडे नोंद नाही. म्हणजे त्याच्यावर कोणीच नव्हतं. बोर्ड तेवढा होता. आमचं वाचलं म्हणून आनंद झाला हे खरंच, पण त्या पायऱ्यांवरच्या माणसांपुढे तो आनंद मोठ्याने मिरवावासा कधी वाटला नाही.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघं मागच्या अंगणात ऊन खात वाटाणे सोलत बसलो होतो. बोलता बोलता मी म्हटलं, ‘‘आक्का, त्या दिवशी मी हात वर केला होता तो पाण्यासाठी.’’ तिने मान वर केली नाही. ‘‘ठाऊक हाय की. पाणी मीच मागितलेलं. ते शेवटापत्तुर आलं न्हाई.’’

‘‘मग थांबवलं का नाहीस?’’

‘‘मी बघत हुतो तू हात खाली घेतोस काय. उठलास, पर माझ्याकडं बघून परत बसलास. मग मी कशाला थांबवू?’’

मग तिनेच पुढचं सांगितलं. माझी झोप उडाल्याचं तिला आधीपासून माहीत होतं. मला कुणाकडे आपलेच पैसे परत मागायची लाज वाटते, हेही माहीत होतं. ‘‘अळणी घातल्याबिगर तू त्या विजूशेठच्या दारात काय धरणं धरलं नसतंस,’’ ती म्हणाली. मला वाटत होतं की मी तिचं सगळं सांभाळतोय.

मग मला इतकी वर्षं विचारायचं होतं ते विचारलं. दोरी हातात होती तेव्हा भगवंताकडे काय मागितलंस? पैसे परत येऊ देत, असं मागितलंस का? वीतरागाकडे मागू नये हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक, तरी विचारलं. तिने सोललेले दाणे परातीत टाकले आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी अजून तिच्या कडेवरच आहे. ‘‘तम्मा, तान्ह्या लेकराकडं कोण काय मागतंय व्हय? त्याला नुसतं हलवायचं असतंय.’’

देवळात आता मी जातो तेव्हा काही मागत नाही. हात जोडून उभा राहतो, आणि आतल्या आत ती दोरी हळू ओढतो.