बोनसच्या जागी मिळालेली कूपनं

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीची गोष्ट. गोंदियाच्या मार्केटमध्ये ज्या साडीच्या दुकानात मी कामाला आहे, तिथे दुपारी शेठनी आम्हा सेल्सवाल्या बायकांना गल्ल्याजवळ बोलावलं... आम्हाला वाटलं, पाकीट.

दरवर्षी मिळतं. फार काही नसतं, पण दिवाळीचा किराणा त्यात निघतो. यंदा मात्र प्रत्येकीच्या हातात एक छोटं लाल पुस्तक आलं... नव्याने उघडलेल्या एका मार्टची कूपनं. वीस-वीस रुपयांची.

“इस बार बोनस की जगह ये है. सीधा राशन ले लो, काम की चीज है,” शेठ म्हणाले. आम्ही सगळ्यांनी थँक्यू म्हटलं. दुसरं काय म्हणणार...

डबा खाताना चर्चा तीच. वापरायची की नाही? मी म्हटलं, असल्या कूपनांना हजार अटी असतात, वीस-तीस रुपये वाचवायला तिकडे ऑटोने जायचं, म्हणजे ऑटोचेच जास्त जातील. सोडून द्या, कचरा आहे.

पुष्पाताईंना ते पटलं नाही. त्या आमच्यात सगळ्यात जुन्या, इथल्या जवळच्या गोरेगावहून रोज एसटीने येतात. मुलीचं लग्न याच उन्हाळ्यात झालं होतं आणि दिवाळीनंतर गावच्या मंडईला जावई पहिल्यांदाच येणार होता. मंडई म्हणजे आमच्याकडे दिवाळीपेक्षाही मोठा सण... घरभर पाहुणे.

“हे काही फुकटचं नाई हाये, बाई,” त्या म्हणाल्या. “आपल्या बोनसचं हाये. वर्षभर उभं राहून कमावला. मंग सोडाचं काऊन?”

संध्याकाळी दुकान सुटल्यावर मी त्यांच्यासोबत मार्टमध्ये गेले.

पुष्पाताईंनी ट्रॉली मोठ्या हौसेने भरली. तेलाचे पाऊच, साखर, मैदा, बेसन, रवा... प्रत्येक वस्तू ठेवताना मला विचारायच्या, “एवढा पुरंल ना?” जावयाला चकली आवडते, हे तीनदा सांगून झालं.

काउंटरवर एक तरुण मुलगी होती. कूपनांचं पुस्तक बघून म्हणाली, “आंटी, एक बिल पे एक ही चलेगा. और तेल, शक्कर, आटा, मैदा, बेसन, इन पे नहीं चलता. पीछे लिखा है.”

मागे लिहिलं होतं खरं... मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत.

“मंग कायच्यावर चालते?” पुष्पाताईंनी विचारलं.

“शाम्पू, क्रीम, चॉकलेट... पाँच सौ का लेना पड़ेगा.”

मागे लाइन वाढत होती. कुणीतरी “जल्दी करो ना” म्हणालं. पुष्पाताई तरीही शांतपणे तिला समजावत होत्या, “बेटा, ये हमारे बोनस का है. सेठ ने पगार के जैसा दिया है.”

त्या मुलीला खरंच आश्चर्य वाटलं. “बोनस का? आंटी, ये तो फ्री वाला है. गेट पे रखा है, कोई भी ले सकता है. दुकानवाले तो गठ्ठा उठाके ले जाते हैं.”

ती वाईट बोलली नाही... जे होतं ते सांगितलं. पण पुष्पाताईंचा चेहरा मी पाहिला. बोहनीच्या वेळी गिऱ्हाईक साड्यांचा ढीग उलगडून काही न घेता निघून जातं, तेव्हाही त्यांचा चेहरा इतका पडत नाही.

त्यांनी काहीच घेतलं नाही. ट्रॉलीतली एकेक वस्तू परत जागेवर नेऊन ठेवली. मी म्हटलं, “राहू द्या, ते लोक ठेवतील.” तर म्हणाल्या, “मी काहाडला, मीच ठेवतो.”

बाहेर पडताना बघितलं. गार्डच्या शेजारी स्टुलावर प्लास्टिकचा ट्रे होता आणि त्यात तीच लाल पुस्तकं. एका बाईने जाता जाता दोन उचलली आणि रडणाऱ्या पोराच्या हातात खेळायला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाताईंनी आपलं पुस्तक शेठच्या गल्ल्यावर ठेवलं. “शेठजी, हे तुमचं. अजून पायजे असतील तं सांगा, गेटवर ठेवले हायेत. येता येता आणून देतो.”

शेठ आधी हसले. “अरे ताई, देने वाले की भावना देखो.” मग हसू गेलं. “नहीं चाहिए तो मत लो.” आणि त्याच दिवशी पुष्पाताईंना काउंटरवरून काढून माडीवर पाठवलं... साड्यांच्या घड्या घालायला. अजूनही त्या वरच आहेत.

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. त्याच दुपारी एका गिऱ्हाइकाने लग्नाचा मोठा बस्ता घेतला. शेठनी ते परत आलेलं पुस्तक उचलून माझ्याकडे सरकवलं... “दीदी को हमारी तरफ से दिवाली गिफ्ट.” ते त्यांच्या साड्यांच्या बॅगेत मी ठेवलं. त्या बाई म्हणाल्या, “अय्या, किती छान!” आणि मी सवयीने हसले.

मंडईला मी पुष्पाताईंकडे जाऊन आले. चकली झाली होती, जावई पोटभर जेवला.

असली कूपनं वापरायला परवडतात का, हे मला आजही सांगता येणार नाही. एवढंच कळलं, की देणाऱ्याला जे फुकट मिळालंय ते आपल्या मेहनतीच्या बदल्यात घेतलं, तर फार महाग पडतं... पुष्पाताई, तुम्ही फेसबुकवर नाही आहात, पण त्या दिवशी आमच्यातलं कुणीतरी बोललं, त्याबद्दल तुमचे आभार.