नानांची हाक, खोकल्यासकट

आमच्या बैठकीत एका सकाळी सत्तर मेंढरं शिरली, आणि त्यांना मीच बोलावलं होतं.

नाना माझे चुलते. वडवणीजवळच्या माळावर त्यांनी जन्मभर मेंढरं राखली. मग घशात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं तर माणूस वाचेल, आवाज जाईल. काकू मला म्हणाल्या, "तुह्या कंपुटरात त्यांचा आवाज भरून ठिव."

मला तेव्हा घरबसल्या गाण्यांच्या फाइली बनवायचा भयंकर नाद! (ऐकणारं कुणी नव्हतं, ही गोष्ट वेगळी.) नानांना माइकपुढं बसवलं. त्यांनी कळपाला मारायची हाक दिली, "हुर्र्र… या गं बायांनो, या!" आणि मधेच खोकले. मी ती फाइल चार दिवस घासली. खोकला कापला, आवाज घुमवला, मागं ढोलकी टाकली. नानांनी ऐकून विचारलं, "कोन हाय बे ह्यो?"

"तुमीच की, नाना!"

"मी न्हाई. कुनी बँडवाला दिसतोय."

ऑपरेशन झालं. नाना घरी आले ते मुके होऊन. मेंढरं काकूंना जुमानेनात. एक दिवस दोघं कळप घेऊन आमच्या घरामागच्या पडीक रानात आले. काकू म्हणाल्या, "लाव बाबा आता."

मी मागच्या दाराशी स्पीकर ठेवून ढोलकीवाली फाइल लावली. एकाही मेंढरानं मान वर केली नाही!

"हे कावून लावलंस? त्यांचं लाव की!"

ओशाळून मी मूळची फाइल लावली, खोकल्यासकट. आवाज पूर्ण सोडला.

सत्तर माना एकदम उठल्या. "अहो, दार! दार लावा!" बायको किंचाळली. कसलं दार! दोन सोफ्यावर, चार स्वयंपाकघरात, एक टेबलाखाली वायरीत गुंतलेलं. एक म्हातारी मेंढी स्पीकरला नाक लावून उभी राहिली. हाक संपली तशी ती ओरडायला लागली.

दारात नाना उभे. गळ्याला पट्टी, डोळ्यांत पाणी, खांदे गदगदा हलत होते. हसत होते, आवाज तेवढा नव्हता. त्यांनी एक बोट वर केलं, पुन्हा लाव म्हणून.

मी पुन्हा लावली. काकू तोंडाला पदर लावून भिंतीला टेकल्या.

ती फाइल आता काकूंच्या मोबाइलात आहे. कळप रोज तिच्यावर घरी येतो. आणि श्रोत्यांनी मला काय दिलं म्हणाल, तर दोन टोपल्या लेंड्या. त्यासुद्धा नानांच्या आवाजाला. झाडल्या मात्र मी!