दारातली चप्पल

एसटी सुटायला आली तरी सास्तूरच्या स्टँडवर आईचं एकच चाललं होतं, "परका मुलूख हाय, कडी लावून झोप गं." मग आबा खिडकीपाशी आले आणि हळूच म्हणाले, "पोरी, कडी घालू नगंस." नर्स होऊन एकटी व्हिएन्नाला निघालेल्या पोरीला असला सल्ला देणारा बाप जगात एकच असेल! पण कुणी हसलं नाही. त्र्याण्णवच्या भूकंपात आमच्या जुन्या घराची कडी अडकली आणि आजी आतच राहिली. तेव्हापासून आबा दार उघडं टाकून झोपतात, आणि वर मजला असेल तिथं मुक्कामच करत नाहीत.

पाच वर्षांनी, मागल्या उन्हाळ्यात, एकदाचे यायला तयार झाले. म्हैस व्यायला झालेली, म्हणून आई मागं राहिली. आबांची अट होती, "तीन राती बघीन. झोप न्हाय लागली तर माघारी."

माझं घर चौथ्या मजल्यावर, वर अजून दोन! मी फ्रिजवर कागद चिकटवला. तुम्ही कुणी येणार असाल तर तुम्हीही वाचा. नळाचं पाणी खुशाल प्या, डोंगरातनं येतं. रविवारी दुकानं बंद, दूध-भाजी शनिवारीच आणा. ट्रामचं तिकीट नुसतं काढून भागत नाही, मशीनीत घालून शिक्का मारायचा, नाहीतर दंड बसतो. आणि लाल पेनानं लिहिलं: दार ओढलं की आपोआप बंद होतं, बाहेरनं उघडत नाही, किल्ली खिशात हवीच.

आबांनी सगळं मोठ्यानं वाचलं आणि लाल ओळीवर थांबले. "म्हंजे कडी आपली आपणच पडती व्हय?"

दोन राती त्यांनी खुर्चीत बसून काढल्या. मला रडूच आलं. दूध आठवलं, तिकीट आठवलं, आणि माझ्या बापाचं दार तेवढं विसरले!

तिसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटीवरनं आले, तर दार अर्धं उघडं. फटीत आबांची जाडजूड चप्पल अडकवलेली. आत आबा चटईवर चक्क घोरत होते! शेजारी खुर्चीत समोरच्या घरातल्या हिल्डाआजी लोकर विणत बसल्या होत्या. पाच वर्षांत नमस्कारापलीकडं आमचं बोलणं नव्हतं. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि जर्मनमध्ये कुजबुजल्या, "दार उघडं दिसलं. म्हटलं, हे झोपलेत तोवर कुणीतरी बसावं."

मग रात्रीही चप्पल दारातच राहिली, आणि तीन रातींचा दीड महिना झाला. रोज दुपारी हिल्डाआजी विणकाम घेऊन यायच्या, आबा त्यांना अस्सल सास्तुरी मराठीत म्हशीची खुशाली सांगायचे, आणि त्या मान डोलवायच्या. लई जमलं दोघांचं!

जाताना आबांनी बूट घातले. "चप्पल ऱ्हाऊ दे हितंच," म्हणाले, आणि कागदावरची लाल ओळ खोडून टाकली.

आता सुट्टीच्या दुपारी मी ती चप्पल दारात अडकवते. हिल्डाआजी येऊन बसतात. मला गावाकडं लागायची तशी गाढ झोप लागते. आई, रागावू नकोस. पाच वर्षं तुझं ऐकून कडी लावत होते, आणि इथं एकदाही नीट झोपलेच नव्हते गं.