नुसत्या सह्यांचं लग्न

आमच्या लग्नाची बोलणी कोरगावला, आमच्याच घरी झाली. मी डिचोलीच्या एका शाळेत शिकवते, तो तिथेच एका इंजिनिअरकडे घरांचे नकाशे काढतो. आमचं आधीच ठरलं होतं, मोठ्यांनी होकार तेवढा द्यायचा होता. बाबा हॉलचं बोलू लागले तसा तो म्हणाला, "आम्हाला नुसत्या सह्या करायच्या आहेत. होम, मंगलाष्टकं काही नको."

मी चमकले. 'आम्हाला' म्हणाला, पण मला विचारलं कुठे होतं? गोव्यात रजिस्ट्रारसमोर दोनदा सह्या सगळ्यांनाच कराव्या लागतात, पण नंतर मांडवही घालतातच. त्याची आई शेजारीच बसली होती. वडील तो कॉलेजात असताना गेलेले. ती मान खाली घालून लाडवाचा तुकडा मोडत राहिली.

ती माणसं गेल्यावर बाबा म्हणाले, "कायतरी लपवतत ते. आधीचा लग्न नाय मां झालेला?"

मी हसले. पण पहिली सही झाली, ऑफिसात नोटीस लागली, आणि कोणी हरकत घेतली का ते बघायला बाबा दोनदा डिचोलीला जाऊन आले. हरकत नव्हती. मग मयेच्या, म्हणजे त्याच्या गावच्या, एका ओळखीच्या माणसाकडून कळलं, की त्याचा सख्खा काका कित्येक वर्षं त्या घराची पायरी चढलेला नाही. "बघ," बाबा म्हणाले.

आता माझ्याही डोक्यात किडा शिरला. मी त्याला विचारलं, "काका का येत नाहीत?" तो म्हणाला, "नंतर सांगतो," आणि विषय बदलला. त्या दिवसापासून मी त्याच्या प्रत्येक बोलण्यात फट शोधू लागले. त्याचा फोन वाजला तरी कोणाचा, असं मनात यायचं.

एका शनिवारी शाळा लवकर सुटली. त्याला न सांगता मी मयेची बस धरली. घरी त्याची आई एकटीच होती, कोकमाची सोलं उन्हात घालत. मला बघून ती दचकली. तिने चहा केला, सकाळी पोदेराकडून घेतलेला उंडो पाव पुढे ठेवला. मी चहाला हात न लावता विचारलं, "आई, लग्न एवढं लपूनछपून कशाला?"

तिने माझ्या कपावर बशी झाकली. मग म्हणाली, "बाय, माझ्यासाठी." मुलीच्या, म्हणजे त्याच्या बहिणीच्या, लग्नात विधवा म्हणून तिला पूजेला बसू दिलं नव्हतं. दीर-जाऊ पाटावर बसले, कन्यादानही त्यांनीच केलं, आणि ती स्वयंपाकघरात भाताच्या टोपाशी उभी राहिली. नंतर मुलगा काकाशी भांडला, ते कायमचं. "माझ्या लग्नात पाटच नको, म्हणजे कोणी उठवणार नाही, म्हणतो. तुमच्याकडे सांगू नको, असं मीच त्याला म्हटलं. लोक म्हणतील, रांडमुंड बाई पुढे पुढे करते."

मला मान वर करवेना. जायला उठले तेव्हा ती हळूच म्हणाली, "खरं विचारशील तर माका अक्षता टाकायच्या होत्या गो."

अक्षतांचं हे त्यालाही ठाऊक नव्हतं. मी त्याला ते सांगितलं. मग दोघांनी ठरवलं, दुसरी सही करायची आणि त्याच दिवशी कोरगावला आमच्या अंगणात लग्न लावायचं, पूजेला त्याची आई बसेल. आमच्या भटजींनी सरळ नकार दिला. वाळपईकडचे एक भटजी मात्र म्हणाले, "पाटावर कोण ते तुम्ही ठरवा, मंत्र मी म्हणतो." बाबांना तेही पटेना. "हो भट तरी खरो मां?" म्हणत ते पूजा संपेपर्यंत त्यांच्या समोर खुर्ची टाकून बसले.

त्याची आई पाटावर बसली तेव्हा आमची आत्या उठून मागच्या दारी गेली. आईने ते पाहिलं. तरी तिने पळीतलं पाणी नीट सोडलं. मंगलाष्टकं सुरू झाल्यावर सगळ्यांच्या आधी तिच्या अक्षता आमच्या डोक्यावर पडल्या.

पुढे काही दिवसांनी मी नवऱ्याला म्हटलं, "मला तरी आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं तरी तूही तुझ्या बाबांसारखी संशयानेच बघशील, असं वाटलं," तो म्हणाला.

मी तसंच बघितलं होतं. ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.