पठारावर पायी जायचं ठरलं तेव्हा

लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझ्या यजमानांनी पायी फिरायला जायचं काढलं. कटनीच्या पुढे, पन्न्याच्या बाजूला कोरडं पठार आहे. गावं विरळ, उन्हाळा लागला की नाले आटून जातात. तिथं चार-पाच दिवस चालायचं, झाडाखाली झोपायचं. आम्हा दोघांपैकी कुणीही असं कधी चाललेलं नव्हतं.

"काहून तिथंच?" मी विचारलं. "नर्मदेकाठानं जाऊ ना. पाणी तरी असेल."

"तिथं कारखान्याचा भोंगा ऐकू येत नाही," हे म्हणाले.

हे कारखान्यात, बॉम्बगोळ्यांत दारू भरायच्या शेडमध्ये होते. त्याच सुमारास युद्ध सुरू झालं आणि सगळ्यांच्या रजा बंद झाल्या. हे घरी आले की अंगणातच कपडे काढायचे, आंघोळ करायचे आणि मग खिडक्यांना काळा कागद लावलेल्या खोलीत आम्ही बेत करत बसायचो. दुसरं बोलायला काही उरलंच नव्हतं.

माझे मामा जंगलखात्यात होते, त्या भागात राहिलेले. त्यांना विचारलं. "विहिरींच्या भरवशावर राहू नका," ते म्हणाले, "पाणी पाठीवर न्यावं लागेल." मग आम्ही पाणी न्यायला गोहलपुरातल्या एका शिंप्याकडून कॅनव्हासची मोठी छागल शिवून घेतली. मी सातू दळून ठेवले.

युद्ध संपलं, रजा मिळू लागल्या. तोवर यांच्या तळहातांचा रंग पिवळा झाला होता, मग डोळ्यांचाही. जेवण जात नव्हतं.

"आधी दवाखान्यात चला," मी म्हणायची.

"गेलो तर रजा त्यातच संपेल. पठारावरून आलो की जाऊ."

निघण्याआधी सवय व्हावी म्हणून एका रविवारी भरलेली छागल घेऊन आम्ही बरगीच्या रस्त्याला लागलो. शहर मागे पडलं न पडलं तोच हे एका पुलाच्या कठड्यावर बसले. कपाळावर घाम, ओठ कोरडे. मी छागल मागितली तर दिली नाही. बूच काढून त्यांनी सगळं पाणी रस्त्यावर ओतलं, रिकामी छागल खांद्याला अडकवली आणि उठले. थोडं चालले. पुन्हा बसले, या वेळी जमिनीवरच.

"पाय चालून नाही राहिले," ते म्हणाले.

एका दूधवाल्याला विनवून मी त्यांना गाडीवर घातलं. वाटभर त्यांनी तोंड दुसरीकडे फिरवलेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, दारूच्या भुकटीनं लिव्हर बिघडलंय, आता कायम जपायचं. शेडमधून काढून यांना ऑफिसात टेबलावर बसवलं. पुढं हे बरीच वर्षं जगले, पण जिना चढला तरी धाप लागायची. रविवारी दार लावून झोपून राहायचे. पठाराचं नाव माझ्यापाशी त्यांनी पुन्हा काढलं नाही.

पाहुण्यांपाशी मात्र काढायचे. "सगळी तयारी झाली होती," ते सांगायचे, "पण हिला झेपलं नसतं, म्हणून राहिलं."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चहाचा ट्रे हातात घेऊन दारातच थांबले. यांनी वर पाहिलं नाही. नंतर नंतर पाहुणे माझ्याकडे वळले की मीच म्हणायची, "हो, मला नाही जमत इतकं चालायला."